दोन बोटं वर

पेठच्या रस्त्यावर सावळ घाट मागं पडला की पुढं एके ठिकाणी आत एक वाट फुटते. आईचं माहेर त्या वाटेच्या टोकाला. वाटेत ओढा, ओढ्यावर फरशी. पावसाळ्यात पाणी फरशीवरून वाहतं आणि ओसरताना वरच्या अंगाचे गोटे आणून तिथं टाकून जातं. गेल्या आषाढात त्या गोट्यांवरून जाताना गाडीच्या पोटातून जो खरखरीत आवाज आला, तो अजून माझ्या दातांत आहे. मागं बसलेल्या आईनं झटकन पाय वर घेतले, तिच्याच तळव्यांना खरचटल्यासारखे.

त्या आवाजामुळं मी नाशिकच्या अंबडला गेले. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. मिस्त्री साठीच्या पुढचे. गाडीखाली बॅटरी धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग मीटरपट्टी काढून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं आणि खडूनं जमिनीवर लिहून ठेवलं.

“किती वर पाहिजे, ताई?”

मी म्हटलं, जास्तीत जास्त होईल तितकी.

“जास्तीत जास्त असं नसतं. दोन बोटं देतो. त्याच्यावर मागाल तर दुसरीकडून द्यावं लागेल.”

दोन बोटं म्हणजे साधारण तीस-पस्तीस मिलिमीटर. स्वर्गसुद्धा आपल्याकडं दोन बोटंच उरतो, तेव्हा हे माप कमी नव्हे.

मिस्त्रींचा हात जिपांवर बसलेला. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, हरसूलच्या वाटांवर काळ्या-पिवळ्या कमांडर धावायच्या, त्या काळातला. आत माणसं, मागच्या पायरीवर माणसं, टपावर नागलीची पोती आणि कोंबड्यांच्या पाट्या. त्या जिपांना मागंपुढं पाटे असत, पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान. जीप बसायला लागली की एक पाटा वाढवायचा, उंच हवी असली तरी एक पाटा वाढवायचा. “डोक्याचं काम नव्हतं, ताकदीचं होतं,” मिस्त्री म्हणाले. माझी आई पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. अठ्ठावीस वर्षं ती याच जिपांतून गेली-आली. तिच्या कमरेचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी दोन मण्यांमधली गादी झिजल्याचं सांगितलं, तेव्हा मला आधी त्या जिपा आठवल्या. मिस्त्रींनी वाढवलेल्या एखाद्या पाट्यावर आईही बसली असेल.

भरलेली गाडी डोलते आणि रिकामी उडते, हे नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. दिंडोरी-निफाडकडून द्राक्षांचे क्रेट भरून निघालेली पिकअप खड्ड्यातूनही हलके झोके घेत जाते. तीच खाली करून परतताना जागोजाग उसळते. पाटे तेच, रस्ता तोच. वजन कमी झालं की स्प्रिंग जास्त चपळ होते. म्हणून गाडी बनवणाऱ्यापुढं पहिला प्रश्न असतो तो किती ओझ्यासाठी बनवायची हा. प्रवासी मोटारीत अंग साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली व्हावं, असा बेत असतो. माणसाच्या चालण्याच्या लयीच्या जवळपासची ही गती. कडेवरचं मूल आईच्या चालण्यानं जसं हलतं तसं हललं तर माणसाला बरं वाटतं. त्याहून जलद हललं की हाडं बोलू लागतात, फार सावकाश हललं की घाटात मळमळतं.

आमच्या गाडीसारख्या एसयूव्हीचं आणि नाशिकचं नातं जवळचं आहे. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ निघाली, २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३००. मायको सर्कल आणि महिंद्रा सर्कल ही आमची चौकांची नावं; देवळांच्या गावानं कारखान्यांनाही पत्त्यात जागा दिली आहे. यांतल्या छोट्या गाड्या आखूड का, याचं उत्तर मात्र दिल्लीत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची शेपटं कापली गेली. उंचीलाही कराची पट्टी लागली. जीएसटीच्या काळात मोठ्या एसयूव्हीवरच्या उपकरासाठी जी व्याख्या होती तिच्यात तीन अटी होत्या: लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १,५०० सीसीहून मोठं आणि पोटाची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक. २०२३ च्या जुलैमध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की ही उंची रिकाम्या गाडीची धरायची.

रिकाम्या गाडीची! हे वाचलं तेव्हा मला आमची फरशी दिसली. त्या फरशीवरून आमची गाडी कधीच रिकामी गेलेली नाही. जाताना आई, मावशी, किराणा, कुणाच्या तरी पोराची सायकल. येताना इंद्रायणीचं पोतं, वरई, फणस. कागदावरची उंची तिथं पोहोचेपर्यंत बरीच कमी झालेली असते. नियमात बसणारा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून कुठलीही गाडी सुखानं जाईल. पाड्यांच्या तोंडाशी लोकांनी आपल्या लेकरांच्या काळजीपोटी घातलेले असतात ते मात्र अरुंद आणि धारदार. शहरात तर येत्या सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजाग खोदलंय. गाडी वर घ्यावीशी वाटणं ही इथं हौस राहिलेली नाही.

कामाला सकाळी नऊला सुरुवात झाली. मी दिवसभर तिथंच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. मागची चाकं दगडं लावून अडवली, पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या. चाक निघालं तसं आतलं सगळं उघडं पडलं. पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकातच असतात, शॉकअपच्या भोवती स्प्रिंगची वेटोळी. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही रचना बसवली, आणि आज लहान मोटारींच्या पुढच्या चाकांत बहुधा तीच असते. मिस्त्रींनी ब्रेकची नळी तिच्या कडीतून सोडवली, एबीएसची वायर मोकळी केली, लिंक रॉड काढला, खालचे दोन जाड बोल्ट, मग बॉनेटखालचे वरचे नट. आख्खा खांब दोन हातांनी बाहेर आला, चिखलानं माखलेला.

त्यानंतरच्या कामाच्या वेळी मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला बाजूला केलं. “समोर नाही उभं राहायचं कधी. बाजूला.” स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी नख्यांचे स्क्रू लावले आणि एकदा हा, एकदा तो असं थोडं थोडं आवळत तिला दाबत नेलं. आख्ख्या गाडीचा चौथा हिस्सा पेलणारी वस्तू मुठीत धरल्यासारखी. नख्या निसटल्या तर ती गोळीसारखी सुटते. शेड एकदम शांत झाली. वरचा नट फिरला, टोपी सुटली आणि जुनी स्प्रिंग हळूहळू सैल होत शेवटी नुसतं लोखंड झाली.

जुनी आणि नवी शेजारी ठेवल्या. नवी थोडी लांब, आणि तार किंचित जाड. डोळ्यांना फरक जाणवणार नाही इतकी. पण स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ ची केली तर ताठरपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. मिस्त्रींना हे गणित माहीत नव्हतं. त्यांनी तार अंगठा आणि तर्जनीत धरली, दोन्ही स्प्रिंगांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “कडक होईल, पण आईंना चालेल. याच्यावरची नको.” आईच्या कमरेचं मी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवून त्यातल्या त्यात मऊ जोडी मागवली होती, हे मला तेव्हा कळलं.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकनं शोधला, आणि १६७६ मध्ये तो आधी अक्षरांची उलटापालट करून छापला, म्हणजे शोध आपल्या नावावर राहील पण कुणाला कळणार नाही. दोन वर्षांनी त्यानं अर्थ सांगितला: जितकं ताणाल तितका जोर. हूकसारख्या थोर माणसालाही विद्या कुलुपात ठेवावीशी वाटली. या शेडमध्ये मात्र मी विचारत गेले आणि मिस्त्री सांगत गेले, हातातलं काम न थांबवता.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात धरून. शॉकअपची लांबी ठरलेली असते. चाकाला वर जायला इतकी जागा, खाली जायला इतकी. नुसती स्प्रिंग बदलून गाडी दोन बोटं वर घेतली तर शॉकअप काही वाढत नाही. चाकाला खाली जायला जी जागा होती तिच्यातलीच दोन बोटं आपण उचलतो. खड्डा आला की चाकानं खाली पोहोचून जमीन धरायला हवी. ते आता लवकर संपतं, लोंबकळतं, आणि वर टक्क आवाज येतो. “वर गेलं की खाली हात पोचत नाही,” मिस्त्री म्हणाले. चार बोटं, सहा बोटं उचललेल्या गाड्या त्यांच्याकडं येतात. एक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरून रबरी बूट फाटलेले असतात, वळणावर गाडी कलते, अन् मालकाला वाटतं शॉकअप खराब निघाले. शिवाय स्प्रिंगनं अंग वर जातं, चाकाचा मध्य जमिनीपासून होता तिथंच राहतो. तो वर घ्यायचा तर चाकच मोठं हवं.

मला हे ऐकून आधी थोडं खट्टू व्हायला झालं. उंची ही मिळवायची गोष्ट आहे असं मी धरून चालले होते; ती गाडीच्याच अंगातून काढून घ्यायची असते, हे ध्यानात आलं नव्हतं. पण मग त्यांनी दोन बोटांवर का थांबवलं तेही उमगलं. माझ्यापेक्षा त्यांनी त्या चाकाचा विचार अधिक केला होता.

कायद्याचीही चौकशी केली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ उत्पादकानं दिलेले नोंदणीतले तपशील बदलतील असे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. हे कलम मला जाचक वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, आणि माझ्या गाडीचा तोल बिघडला तर त्याची किंमत समोरून येणारा दुचाकीवाला मोजेल. म्हणून हात लावण्याआधीच काय बदलणार ते विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पावत्या जपून ठेवल्या.

मागचं काम तासाभरात उरकलं. तिथं शॉकअप वेगळे आणि स्प्रिंग वेगळ्या. खालचा आडवा दांडा थोडा उतरवला की स्प्रिंग हातानं निघते. वेळ लागला तो शेवटी. गाडी घोड्यांवरून उतरवून, पुढंमागं ढकलून, तिचा भार चाकांवर नीट बसू दिला आणि मग मिस्त्री पुन्हा खाली सरकले. रबरी बुशांचे बोल्ट अजून ढिलेच ठेवले होते. “हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं. उभी राहिली की आवळायचं, म्हणजे उभं राहणं हीच त्याची आरामाची जागा होते.” पूर्वी कुणीतरी घाईनं हवेतच आवळलेला एक जुना बुश त्यांनी फळीवर ठेवला होता, शिकाऊ पोरांना दाखवायला. एका अंगानं फाटलेला. मग अलाईनमेंट झालं. संध्याकाळ झाल्यावर समोरच्या भिंतीवर दिव्यांचा झोत पाडून तो खाली घेतला. गाडी वर गेली की झोतही वर जातो, आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

खडूच्या आकड्यांशेजारी मिस्त्रींनी नवे आकडे लिहिले. पुढं ३२ मिलिमीटर, मागं ३०.

रविवारी आईला घेऊन पेठकडं निघायचं ठरलं. गाडी दाराशी आणली, मागचं दार उघडलं. आईनं एक पाय उचलला, आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. गुडघा तेवढा वर जाईना. इतके दिवस मी फरशी मोजली, गोटे मोजले, पोट मोजलं. तिच्या पायरीची उंची मोजलीच नव्हती. मला तिथंच रस्त्यावर रडू फुटेल असं वाटलं.

आई घरात गेली आणि देवघरासमोरचा पाट घेऊन आली. शिसवी, चार बुटक्या पायांचा, माझ्या लग्नात मी ज्यावर बसले होते तो. गाडीच्या दाराखाली ठेवला.

“गाडी उंच केलीस ना,” ती म्हणाली, “आता मला कर.”

मी तिचा दंड धरला. तिनं पाटावर पाय ठेवला, दुसरा हात सीटच्या पाठीवर, आणि आत बसली. पाट उचलून मी तिच्या पायाशी ठेवला.

फरशीवर पोहोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. रात्री पाऊस झालेला. पाणी ओसरलं होतं, गोटे होते. मी पहिल्या गिअरमध्ये सावकाश गाडी घातली. एका खळग्यात मागचं चाक उतरलं तसा वर टक्क आवाज झाला, मिस्त्रींनी सांगितला होता तोच. पोटाला काही लागलं नाही. आरशात पाहिलं. आईचे पाय खालीच होते, पाटावर ठेवलेले.

माहेरच्या अंगणात तिला उतरवून घेतलं. पाट चिखलात टेकवला, तिनं त्यावर पाय ठेवला, मग जमिनीवर. तिचं सगळं वजन बेचाळीस किलो. ती उतरली तशी गाडी त्या बाजूला किंचित वर आली, अगदी बोटाच्या पेराएवढी. मामी पितळेचा तांब्या घेऊन आली होती. पाय धुताना आईनं पाटही धुऊन घेतला आणि ओसरीच्या खांबाला उन्हात टेकवून ठेवला.