सातपाटीचे लाकूड, तारापूरची वाफ

पश्चिम रेल्वेची गाडी वैतरणेचे पूल ओलांडून पुढे आली की महानगराची दाटी मागे पडते आणि खाडी, मिठागरे, ताडाची झाडे दिसू लागतात. सफाळे आणि केळवे रोड मागे टाकून आपण पालघरला उतरतो. येथून पश्चिमेकडे जाणारा रस्ता शिरगावच्या अंगाने सातपाटी बंदरात पोहोचतो. पालघरला न उतरता गाडीत बसून राहिलो, तर उमरोळीनंतर बोईसर लागते. तेथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यापलीकडे समुद्रकाठी अणुऊर्जा केंद्र. एकाच तालुक्यातली ही दोन टोके. एका टोकाला लाकूड तासणारे हात, दुसऱ्या टोकाला धातू कातणारे.

वाचकहो, निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून हातांनी काही घडवण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना ही दोन्ही टोके पाहण्याचा आग्रह करावासा वाटतो. त्यातही ज्यांचे मन छोटी, खरोखर चालणारी इंजिने आणि लाकडी होड्या या दोन छंदांत वाटले गेले आहे, त्यांच्यासाठी हा परिसर म्हणजे एक शाळाच आहे. दोन्ही छंद वेळखाऊ, दोन्ही खर्चिक आणि दोन्ही माणसाला घरापासून तोडू शकणारे. त्यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मनाच्या स्वास्थ्याचा आहे, तितकाच कुटुंबाच्याही स्वास्थ्याचा आहे.

सातपाटी : डोळ्याने मोजणारे गाव

पापलेटसाठी सातपाटीचे नाव सर्वत्र झाले आहे. पण मासळीइतकीच येथली होडीही पाहण्यासारखी. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एखाद्या लाकडी मचव्याभोवती सावकाश फेरी मारा. तळातून नाळेपर्यंत जाणारा कणा, त्यावर माणसाच्या बरगड्यांसारख्या बसवलेल्या वाकड्या लाकडांची रांग आणि त्यांना बाहेरून जडवलेल्या फळ्या. फळ्यांसाठी साग वापरतात, कारण त्यातले नैसर्गिक तेल पाण्याला सहज आत शिरू देत नाही. बरगड्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली बाभूळ शोधतात. सरळ लाकूड कापून वाकडे केले तर तंतू तुटतात. झाडाने स्वतः घेतलेले वळण मात्र शेवटपर्यंत साथ देते.

जुना कारागीर कागदावरचा नकाशा फारसा पाहत नाही. तो दूर उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि फळीची कड कुठे फुगली आहे ते सांगतो. लाकडाचे काम करणाऱ्याने शिकावी अशी पहिली गोष्ट हीच: मागे सरून पाहणे. सारा दिवस पडद्याला डोळे लावून बसणाऱ्यांना तर डॉक्टरही हेच सांगतात, की नजर अधूनमधून दूर न्या.

याच किनाऱ्यावर १९५० च्या दशकात शिडाच्या होड्यांत इंजिने बसू लागली. वाऱ्यासाठी घडलेल्या सांगाड्यात जड यंत्र ठेवायचे, मागच्या बाजूने पंख्याचा दांडा काढायचा आणि तरीही पाणी आत येऊ द्यायचे नाही. या एका गरजेमुळे सुतार आणि फिटर एका होडीत उतरले. आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत आणि मोठी लाकडी होडी बांधणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणूनच घरच्या अंगणात दोन हातांची होडी बांधणारा हौशी माणूस स्वतःची करमणूक तर करतोच, शिवाय एका कसबाची आठवणही जागी ठेवतो.

दोन्ही हातांचा एक पूर्वज

लाकूड आणि इंजिन या दोहोंवर जीव असलेला एक माणूस आपल्या मुंबईतच होऊन गेला. आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ चा. वाडियांचे घराणे सागवानी जहाजे बांधणारे. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले त्यांचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. अशा घरात वाढलेल्या आर्देशीरांना ओढ लागली वाफेची. त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन तयार केले आणि विहिरीचे पाणी चढवून कारंजे उडवण्याच्या कामी ते लावले. ‘इंडस’ या छोट्या जहाजात त्यांनी वाफेचे इंजिन बसवले. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंजिनासाठी त्यांनी जहाज सोडले नाही आणि जहाजासाठी इंजिनही बाजूला ठेवले नाही. एकातून उभा राहिलेला प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या मदतीने सोडवला. दोन छंदांचा समतोल म्हणजे तासांची समान वाटणी नव्हे, हेच त्यांच्याकडून घ्यायचे.

बोईसर-तारापूर : केसाहून बारीक मापे

सातपाटी पाहून बोईसरला या. औद्योगिक वसाहतीच्या आसपास लेथवर काम करणाऱ्या लहान कार्यशाळा आढळतात. येथे डोळ्याच्या अंदाजाला किंमत नाही. छोट्या इंजिनाचा दट्ट्या त्याच्या नळकांड्यात बसवायचा तर दोहोंमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. फट अधिक झाली तर वाफ निसटते, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. होडीच्या फळीला फुगून सांधा मिटवण्याची मुभा असते. पितळेला तशी मुभा नाही.

वसाहतीपलीकडे, समुद्राकाठी, भारतातले पहिले अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन संचांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. आत जाण्यास अर्थातच मुभा नसते. पण मुलांना बाहेरूनच एक गोष्ट सांगता येईल. या पहिल्या संचांत युरेनियमच्या उष्णतेने पाणी उकळते आणि त्या वाफेने चक्र फिरते. जत्रेत मिळणारी, मेणबत्तीवर फटफट करीत चालणारी पत्र्याची होडी आठवा. तिच्यातही उष्णता, पाणी आणि वाफ हीच तीन पात्रे असतात. इंजिन आणि होडी यांचे लग्न लावणारे याहून स्वस्त खेळणे नाही, आणि या दोन छंदांची सुरुवात करण्यासाठी याहून चांगले साधनही नाही.

समतोल : वजनाचा, ऋतूचा, जागेचा

दोन छंद जोडण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्हींचे एकच उद्दिष्ट ठेवणे: आपल्याच होडीत आपलेच इंजिन. मग पहिला प्रश्न वजनाचा येतो. समजा, होडी ६० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद आहे व ती ६ सेंटिमीटर बुडावी अशी अपेक्षा आहे. या मापांचा गुणाकार ६,४८० घनसेंटिमीटर. दोन्ही टोके निमुळती असल्याने साधारण निम्मे धरा, म्हणजे सुमारे ३,२०० ग्रॅम. होडी, इंजिन, इंधन असे सारे मिळून एवढ्यात बसले पाहिजे. लाकूडकाम दीड किलोचे झाले तर उरलेल्या सर्वांना पावणेदोन किलोंहून अधिक देता येणार नाही. हे गणित मुलांकडून करून घ्या. शाळेतला आर्किमिडीज त्यांना घरात भेटेल.

दुसरा समतोल ऋतूचा. तो कोळीवाड्याकडूनच शिकावा. पावसाळ्यात, साधारण १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत, मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि इंजिनांची देखभाल होते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. हौशी माणसानेही तेच वेळापत्रक धरावे. दमट हवेत लाकूड फुगते, रंग वाळत नाही, डिंक धरत नाही. तेव्हा पावसाळ्यात घरात बसून धातूचे काम करावे आणि प्रत्येक अवजाराला तेलाचा हात फिरवावा. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की रंधा बाहेर काढावा. असे केले म्हणजे एक छंद दुसऱ्याची रजा होतो. बारीक मापांनी शिणलेल्या डोळ्यांना लाकडाची लांब रेघ विसावा देते.

तिसरा समतोल जागेचा. दोन्ही कामे एकाच टेबलावर करू नयेत. लाकडाचा भुसा ओल धरून लेथवर गंज आणतो. लोखंडाचा कीस ओलसर लाकडावर पडला की काळे डाग उमटतात आणि तोच कीस पुढे रंध्याचे पाते बोथट करतो. घर लहान असेल तर निदान झाडू आणि पेट्या वेगळ्या ठेवा. आणखी एक नियम घरच्यांच्या समाधानासाठी: एका वेळी एकच वस्तू अर्धवट असावी.

देहाची काळजी

लाकडाच्या धुळीला निरुपद्रवी मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. धोका मुख्यतः दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात ती श्वासात जाणाऱ्यांना असला, तरी घासकाम उघड्यावर आणि चांगला मास्क लावूनच करावे. दमा असलेल्यांनी ते दुसऱ्यावर सोपवावे. लेथवर डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे, ओढणी, सैल बाही, अंगठी मात्र नको, कारण फिरता दांडा कापडाबरोबर हातही ओढून घेतो. मधुमेह असलेल्यांनी बंद बूट घालावेत. पायात रुतलेला धातूचा बारीक तुकडा त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

वाफेबद्दल विशेष सावध राहा. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. म्हणून बंद डब्यात पाणी तापवण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये. नवशिक्याने दाबाचा बॉयलर नसलेल्या, तापलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनापासून आरंभ करावा. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ मध्ये त्याची कल्पना मांडली होती. पेट्रोलवर चालणारे इंजिन बंद खोलीत सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

सर्वांत महत्त्वाचे झोपेचे. या पट्ट्यात पाळ्यांची नोकरी करणारी घरे पुष्कळ आहेत. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाने आधी झोपावे. अवजारांना हात नंतर लावावा. फिरत्या यंत्रासमोर आलेली एक डुलकी बोट घेऊन जाऊ शकते. अपघात टळला तरीही, झोपेतून किंवा मुलांच्या वाट्यातून चोरलेल्या वेळेवर उभा राहिलेला छंद विश्रांती देत नाही. ती दुसरी नोकरीच होते. उलट संध्याकाळचा एखादा तास, शेजारी कानस घेऊन बसलेला नातू आणि उद्यासाठी मुद्दाम शिल्लक ठेवलेले थोडे काम एवढे असले की दोन छंदही जड वाटत नाहीत.

सातपाटीला जायचे तर हिवाळ्यात सकाळी जा. होडीला हात लावण्यापूर्वी तिच्या मालकाला विचारा आणि कारागीर कामात असेल तर थोडा वेळ नुसते पाहत राहा. मुलांना बरोबर न्यायला विसरू नका. घरी परतल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवा आणि होडी किती लांब करायची, हे त्यांनाच ठरवू द्या.