पुढच्याची टाच

प्रस्तुत लेखकाने सिन्नरच्या एका शाळेत २८ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निदान एक दिवस चालायचं त्याच्या मनात आलं. पुढचा अनुभव त्याचा स्वतःचाच. पण त्या दिवशी त्याच्यातल्या 'मी'ची जी फजिती झाली ती पाहता इथे त्याला नुसतं 'सर' म्हणणंच बरं.

पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते. नाशिक, पळसे करत मोहदरी घाट चढते आणि सिन्नरलगत लोणारवाडीला मुक्कामाला येते. पुढे दातलीला रिंगण होतं, मग खंबाळे, मग नगरची वाट. सर पळशाला दिंडीत शिरले. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यात नव्या दोरीचे टाळ.

पहिल्याच विसाव्याला सरांची जीभ सैल झाली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, नेवाशाची. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा सांगतात, वगैरे. माणसं भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत शांतपणे ऐकत होती. गहिनीनाथांपाशी सर पोचले तेव्हा एका आजींनी विचारलं, "माउली, ठेचा वाढू का?"

सरांनी ठेचा घेतला. प्रवचन तिथेच संपलं.

घाटात खरी पंचाईत झाली. चालीवर टाळ वाजवायचा आणि पाऊल त्याच्याबरोबर टाकायचं, हे पाहताना सोपं वाटतं. सरांचा टाळ एकीकडे, पाय दुसरीकडे. त्यांच्यामागची रांग अडखळू लागली. तेवढ्यात वीणेकरी मागून जवळ आला. चेहरा ओळखीचा निघाला. वीस वर्षांपूर्वी सरांनी ज्याला सहामाहीत मराठीत नापास केलं होतं, तोच.

"सर, स्वतःच्या पायाकडं नका पाहू," तो हळूच म्हणाला. "पुढच्याच्या टाचेकडं पाहा."

पुढे एक म्हातारे शेतकरी चालत होते. भेगाळलेली टाच, एका भेगेत माती घट्ट बसलेली. टाच उचलली की टाळ, टेकली की टाळ. सर तिच्याकडे पाहत राहिले. दहा-पंधरा पावलांत ठेका सापडला. कधी, ते कळलं नाही.

एरवी बुवा-महाराज म्हटलं की सरांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आजही पुसलेली नाही. पण इथे कुणी त्यांच्याकडे पैसा मागितला नव्हता, की शपथ. एका टाचेवर भरवसा टाकायचा, एवढंच काम होतं. वीणेकऱ्यालाही ते कुणीतरी असंच शिकवलं असणार.

चालता चालता त्यांना निवृत्तिनाथ निराळे दिसू लागले. रूढ सनावळीप्रमाणे त्यांचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा. गुरू जेमतेम दोन वर्षांनी मोठा, तोही सख्खा भाऊ. धाकट्याकडून त्यांनी गीतेवर टीका सांगवून घेतली. ग्रंथाला नाव धाकट्याचं लागलं. आळंदीची पालखी जगभर ठाऊक, त्र्यंबकेश्वरची त्यामानाने कमी. आणि तो धाकटा स्वतःला 'निवृत्तिदास' म्हणवतो. सर वर्गात या शब्दाखाली रेघ मारायला सांगून समासात 'विनय' असं लिहवून घ्यायचे. परीक्षेत त्याला एक गुण असे. घाट चढताना त्यांना वाटलं, हा निव्वळ विनय नसेल. ज्याच्या मागून चाललो त्याचं नाव घेण्याची ती साधी रीत असेल.

लोणारवाडीला पोचेस्तोवर तळव्यांना फोड आले होते. हरिपाठ झाला. दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वयाचा किंवा पदवीचा हिशेब नसतो. सर वीणेकऱ्यासमोर आले. त्यांना वाकायला क्षणभर उशीर झाला, हे कबूल करायला हवं. तो तर आधीच वाकत होता. घाईघाईने तेही वाकले आणि दोघांची डोकी दणकन आपटली.

"लागलं का, सर?" कपाळ चोळत त्याने विचारलं.

सरांना हसू आवरेना.