शर्यतीची गाडी

वेगानें दूरदेशीं जावयाचें तर मोटार हलकी घ्यावी कीं भारी? हा प्रश्न निघाला कीं आम्हांस १९०७ सालची पेकिंग-पॅरिस शर्यत आठवते.

पॅरिसच्या 'ल मातँ' या वृत्तपत्रानें आव्हान दिलें, आणि १० जून रोजीं पांच मोटारी पेकिंगहून निघाल्या. पुढें बहुतेक ठिकाणीं सडक अशी नव्हतीच. तेव्हां गाडी हलकी बरी, रुतली तर माणसें उचलून काढतील, असें पुष्कळांचें मत होतें. दोन 'द दियाँ' गाड्या १० अश्वशक्तीच्या होत्या. 'कोंताल' तर ६ अश्वशक्तीची तीनचाकी! इटलीचे राजपुत्र बोर्गेझे यांनीं मात्र सुमारें ४० अश्वशक्तीची अवजड 'इताला' निवडली. गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी घेऊन ते आधींच घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेकडील खिंडी मापून आले होते. बालमित्रहो, आम्हांस त्या गाडीपेक्षां ती काठीच अधिक आवडते.

तिचें वजन त्यांस भोंवलेंही. खिंडींत मजुरांनीं ती दोरांनीं ओढली. सैबेरियांत एक लांकडी पूल तिच्या भारानें मोडून ती खालीं गेली. पुढें एक चाक निकामी झालें, तें एका रशियन सुतारानें सुधारून दिलें.

इकडे गोबीच्या वाळवंटांत कोंताल अडकून पडली, व तिच्यांतील माणसें मरतां मरतां वांचलीं. इताला १० ऑगस्टला पॅरिसला पोंचली. उरलेल्या तीन गाड्या आल्या, पण तब्बल २० दिवसांनीं.

इताला आज तुरीन शहरीं मोटारींच्या संग्रहालयांत उभी आहे.