रोह्याचा स्वेटर

रोह्यात स्वेटर? हसू नका! कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या गावात थंडी ती केवढी? पण आमच्या ऑफिसातला एसी विसरलात! म्हणून वीकेंडला दिवा-रोहा मेमू पकडून आत्याकडे गेले. पिशवीत दख्खनी मेंढीची हाताने कातलेली पांढरी लोकर. घोंगडीची, त्यामुळे जाडीभरडी.

जवळच्या धाटाव एमआयडीसीत रंग बनवणारे कारखाने आहेत. आत्याच्या परसात मात्र डाळिंबाच्या साली उकळत होत्या. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायची, मग रंगात, मंद आचेवर. फार ढवळायची नाही, नाहीतर तिचा नमदा होतो. रंग आला झकास पिवळा!

पाठ-पुढा झाला आणि बाह्यांना लोकर कमी पडली. पुढच्या खेपेला पुन्हा रंगवली, तर चांगलीच फिकट. मी रडकुंडीला आले. आत्या म्हणाली, "अगं, सारखीच तर आहे!"

साडीच्या दुकानात हळदी आणि लिंबू कलरवरून भांडणारी माझी आत्या! मोतीबिंदूत रंग मळकट दिसतात, हे मला नंतर कळलं.

येत्या शनिवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. फिकट बाह्या उसवणार नाही. ऑपरेशननंतर तिनेच त्या बघून मला ओरडायला हवं.