गोरिलाचा इको

“पेशंटशी गप्पा मारायचा पगार देत नाही तुला.” नांदेडातल्या जुन्या नोकरीतलं मालकांचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. राहायला मी विष्णुपुरीत, काम इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचं. त्या दिवशी टेबलावर मुखेडकडचे एक म्हातारे होते. सदरा काढताना लाजले, थंड जेली लागताच दचकले, प्रोब फासळ्यांत दाबला की श्वासच रोखून धरायचे. चित्र येईना. म्हटलं, “मामा, ह्याच्यात करंट नसतो. डाव्या कुशीवर व्हा, निवांत पडा.” एवढ्याला गप्पा म्हणतात! बाहेर रांग होती, मान्य. पण भ्यालेल्या माणसाचे ठोके आधीच वाढलेले. त्यात काय मोजायचं? “काय निघालं रं बाबा?” मामांनी विचारलं. “डॉक्टर सांगतील,” एवढंच बोलायची मुभा होती.

पुढं म्हैसूरला गेलो. तिथल्या प्राणिसंग्रहालयात २०२१ साली जर्मनीहून आणलेले थाबो आणि डेंबा हे गोरिला आहेत. पोरं फोटो काढण्यात दंग, माझी नजर त्या छातीवर. ह्या धुडाचा इको कसा काढत असतील?

घरी येऊन वाचत सुटलो. पिंजऱ्यातल्या प्रौढ गोरिलांच्या, त्यातही नरांच्या, मरणाचं मोठं कारण हृदयविकार. मला वाटलं, ब्लॉकेज असणार. तर ते क्वचितच. त्यांच्या हृदयाच्या स्नायूतच फायब्रोसिस होतो, म्हणजे चिवट तंतू वाढतात, भिंत जाड होते. अटलांटात २०१० साली ‘ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट’ सुरू झाला, तो ह्याच अभ्यासासाठी. भुलीचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून जाग्या गोरिलाचा इको काढतात. जाळीला छाती लावायला शिकवायचं, प्रोबची सवय करायची, दर वेळी खाऊ द्यायचा. मनात नसलं तर तो उठून जातो. त्याच्यावर कुणी खेकसत नाही.

खरं सांगतो, हेवा वाटला. जनावराला एवढी उसंत, आणि मामांना?

मग वाटलं, हेवा कसला डोंबलाचा! कोंडून ठेवलं, बिस्किटं चारली, आता छाती तपासतायत. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात बिस्किटं बंद करून पालाभाजी दिली, तर दोन गोरिलांचं वजन सुमारे ३०-३० किलोंनी उतरलं. आमचे पेशंट मात्र रिपोर्ट हातात घेऊन समोरच्या गाड्यावर भजी खातात. त्यांना तरी कुणी कोंडलंय?

तरी एक सांगतो. म्हाताऱ्या माणसाचा इको असेल तर घरचं कुणीतरी आत थांबू द्या म्हणून हटून बसा. माझे जुने मालक नाही म्हणतील. म्हणू द्या.