कान कुणाचे धरायचे?

मध्यंतरी भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, लिहिणं थांबवलंत की काय?" थांबवलं नव्हतं. स्पीकर शोधत होतो. बी.ए.ला मराठी घेतलेल्या आणि आयुष्यभर पोरांना समास-विग्रह शिकवलेल्या माणसाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी ओहम आणि डेसिबल वाचत बसावं, म्हणजे वेळ लागणारच.

झालं असं, की आमच्या घरी १९९१ साली पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला एक अँप्लिफायर आहे. तो अजून ठणठणीत आहे. त्याच्यासोबतचे स्पीकर मात्र गेले. मागच्या पावसाळ्यानंतर एक उघडून पाहिला, तर शंकूभोवतीची फोमची कडा पिठासारखी हातात आली. दुरुस्ती करणारा म्हणाला, "मास्तर, फोमचं असंच होतं. आता घ्याल ते रबरी कडेचे घ्या." म्हणजे घेणं आलंच.

मुलगी म्हणाली, "बाबा, ब्लूटूथचा छोटा डबा पाठवते, टेबलावर ठेवा आणि ऐका." पण मला डबा नको होता. खरं कारण तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. गेली दोन-तीन वर्षं आमच्या घरात गाणं दोन खोल्यांत ऐकलं जातं. माझे कान मंदावले, मग मी आवाज वाढवायचा, हिने कमी करायचा. शेवटी ही स्वयंपाकघरात फोनवर ऐकायला लागली आणि मी बाहेर कानात बोंडं घालून. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण संध्याकाळचं गाणं कधी वेगळं झालं नव्हतं. मला दोघांनी एका खोलीत बसून ऐकायचं होतं.

अंदाजपत्रक ठरलं वीस हजारांचं. ते हिने ठरवलं.

अँप्लिफायर घरचा असल्यामुळे आतच वीज आणि यंत्र असलेले स्पीकर बाद झाले; साधे, तारेने जोडायचे हवे होते. इथेच पहिला धडा मिळाला. अँप्लिफायरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेलं आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "ओहम म्हणजे अडवणूक समजा. चार ओहमचा स्पीकर कमी अडवतो, म्हणून जास्त प्रवाह ओढतो. तुमचं म्हातारं यंत्र तापेल." यादीतली एक सुंदर जोडी चार ओहमची निघाली, ती खोडली.

दुसरा धडा आकाराचा. सगळीकडे सांगतात, मोठा शंकू घ्या, वेगळा सबवूफर घ्या. आमची गरज काय? हिचा तंबोरा. ही काळी चारमध्ये गायची. सरांनी हिशेब करून दिला: काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे १०४. चांगला पाच इंची शंकूसुद्धा साठ हर्ट्झच्या आसपास उतरतो. डग्गासुद्धा त्यात बसतो. म्हणजे शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याने घर हादरवणाऱ्या पेटीवर पैसे घालायची गरज नाही. (नातवाला हे पटलेलं नाही.) बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांत ठेवण्यासाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर केला, त्याची उंची जेमतेम एक फूट. आणि असे स्पीकर पारखताना तिथले अभियंते माणसाच्या साध्या बोलण्याचा आवाज वापरत असत, कारण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हे वाचून मला फार बरं वाटलं. ओळखीच्या आवाजावर पारख करायची! मग आमच्या घरात तंबोऱ्याइतका ओळखीचा आवाज कुठला?

हा तंबोरा मिरजेचा. आम्ही सांगलीकर, मिरज हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांनी १९७९ साली करून दिला. पंढरपूरकडचा भोपळा, आणि जवारी काढणारा कारागीर असा की दिवसभर घोडीवर कानस फिरवत बसलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तार घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागाला घासत कंप पावते, तिच्याखाली एक दोरा सरकवतात, आणि दोरा नेमक्या जागी आला की एका तारेतून जणू दहा तारांचा झंकार निघतो. ती जवारी. ती सगळी वरच्या, बारीक स्वरांची करामत असते.

आणि माझे नेमके तेच कान गेलेत. ऑडिओग्राममध्ये २००० हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालते, पुढे घाट उतरावा तशी खाली जाते. वयाने बहुतेकांचं असंच होतं. स, श, फ ही अक्षरं त्या घाटात असतात. हिने बाजारातून किसणी आणायला सांगितली आणि मी किटली घेऊन आलो, हा किस्सा आमच्या नातेवाइकांत सर्वांना पाठ आहे. श्रवणयंत्र आहे, पण गाण्याला ते काढून ठेवायचो. शिट्टी वाजू नये म्हणून यंत्रात जी सोय असते, ती लांबलेल्या सुराला शिट्टी समजून दाबायला जाते. त्यामुळे तंबोरा पाण्यात बुडून वर आल्यासारखा डुलायला लागतो.

तर जानेवारीत पुण्याला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा दुकानात गेलो. ही बरोबर आली, हेच विशेष. सायकलपासून फ्रीजपर्यंत घरातली सगळी यंत्रं मी एकट्याने ठरवून आणली आहेत. या वेळी म्हणाली, "मी येते." पेन ड्राइव्हवर मल्लिकार्जुन मन्सूरांची मैफल होती. सुरुवातीला मिनिटभर नुसता तंबोरा.

विक्रेत्याने आधी त्याच्या आवडीचं गिटारचं गाणं मोठ्याने लावलं. हिने हात वर करून थांबवलं आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. मला वाटतं, त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या तंबोऱ्यावर स्पीकर विकले असतील.

पहिली जोडी सोळा हजारांची. मी खूश! किती दिवसांनी असा खणखणीत, स्पष्ट आवाज ऐकला! मन्सूरांचा शब्दन् शब्द कळत होता. खिशात हात घातलाच होता. ही डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "ही जवारी नाही. पत्रा वाजतोय. तासाभरात डोकं दुखेल."

दुसरी जोडी मोठी, बावीस हजारांची. "खर्ज ढोलासारखा." बाद.

तिसरी काळी, ओबडधोबड, साडेएकोणीस हजारांची, आठ ओहम. माझ्या कानाला घोंगडीतून आल्यासारखा आवाज. मी हिच्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवर तारा छेडत होता, चार तारा, एकामागून एक. म्हणाली, "हा आपला."

विक्रेत्यासमोर वाद नको म्हणून आम्ही बाहेर चहाला गेलो. मी म्हटलं, तुला कर्कश वाटतो तो मला स्पष्ट वाटतो, तुला गोड वाटतो तो मला मेलेला वाटतो, मग कुणाच्या कानांना धरून घ्यायचे? ती काही बोलली नाही, तेव्हा मला सांगावंच लागलं. "मला जवारी ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली असतील."

"माहीत आहे," ती म्हणाली. "गेल्याच्या गेल्या गुरुपौर्णिमेला दोरा निसटला होता. तंबोरा नुसता ठक् ठक् बोलत होता. तुम्ही म्हणालात, वा, काय लागलाय! तेव्हापासून मी तुम्ही फिरायला गेल्यावरच काढते."

चहा गार झाला. मला वाटत होतं, हिने गाणं सोडलं. गुडघे, घरकाम, वय. मी मनाशी कारणंही जुळवून ठेवली होती. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मी कृष्णेच्या घाटावर आणि ही घरात तंबोरा घेऊन, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "चष्मा तुम्हाला लागलाय म्हणून पुस्तकाची अक्षरं मोठी छापायची का? चष्मा लावायचा." विज्ञानाच्या सरांनी नंतर हेच पारिभाषिक शब्दांत सांगितलं. माझ्या कानांची तूट भरणं हे श्रवणयंत्राचं काम, स्पीकरचं नव्हे. स्पीकरने आहे तसं वाजवावं. त्याने माझ्यासाठी वरचे स्वर चढवले, तर खोलीतल्या दुसऱ्या माणसाला शिक्षा. तिसरी जोडी घेतली. पावती हिच्या नावावर.

घरी आणल्यावरचे प्रताप थोडक्यात. नाव बुकशेल्फ स्पीकर, म्हणून पुस्तकांच्या फडताळात ठेवले, तर आवाज घुमायला लागला. या पेट्यांना मागे भोक आहे, भिंतीला टेकले की खर्ज फुगतो. म्हणजे बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फात ठेवायचे नाहीत! दीड हात पुढे ओढले. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी हवी, म्हणून खाली विश्वकोशाचे खंड रचले. (कुणी संदर्भासाठी मागू नये, अ ते अं जागेवर नाही.) तरी दोन दिवस आवाज पोकळ, गायक खोलीत कुठे उभा आहे तेच कळेना. शेवटी ध्यानात आलं, एका स्पीकरची लाल आणि काळी तार मी उलटी जोडली होती. एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जात होता. सरळ केल्यावर मन्सूर बरोबर मधोमध, टीव्हीच्या जागी येऊन बसले.

सांगलीला कान तपासणाऱ्या बाईंकडेही गेलो. त्यांनी श्रवणयंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली, शिट्टी दाबणारी करामत त्यात सौम्य केली आहे. बटण दाबलं की ती चालू होते. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही विचारलंत? आता काय सांगणार!

जवारी परत आली का? नाही. काहीतरी येतं, दूर कुठेतरी वाळू चाळल्यासारखं. पण डुलत नाही. आवाजाचं बटण आता हिच्या हाताशी असतं आणि माझी खुर्ची स्पीकरच्या हातभर जवळ.

परवा साडेपाचला मी चपला घालत होतो. ही म्हणाली, "आज उशिरा गेलात तरी चालेल." मग खुंटीवरून तंबोरा काढला, गवसणी घडी करून ठेवली आणि लावायला बसली. पाऊण तास लागला, हवेत ओल होती. मी यंत्राचं बटण दाबून समोर बसलो होतो. एकदा दोरा सरकवताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, की मला फरक कळला नाही. तिने दोरा आणखी केसभर पुढे घेतला आणि स्वतःच्या कानाने पुढचं केलं.