मध्यरात्रीची डाक

दिसायला ती देखणी नव्हती. सुरुवातीच्या काळात तिचा सगळा संसार डाकोटा विमानांवर. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक आभाळाकडे, त्यामुळे आतली फरशी चढणीची. सुतळीने तोंड बांधलेल्या, लाखेची मोहर मारलेल्या थैल्या त्या चढावरून ओढत न्यायच्या. नागपूर झोपलं की सोनेगावच्या धावपट्टीवर तिचा दिवस उजाडायचा.

रात्रीच्या हवाई डाकेचा जन्म जानेवारी १९४९ चा. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवाई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रोज रात्री एकेक विमान निघे. चौघांची गाठ नागपुरात. थैल्यांची अदलाबदल झाली, की ज्याने त्याने आल्या वाटेने परत फिरायचं आणि पहाटे घर गाठायचं. मुक्काम कुणाचाच नाही.

हिशेबाला ती पक्की. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. सरळ जोडायच्या तर सहा वाटा हव्यात. तिने चारांत भागवलं. इथून हवेतलं अंतर मुंबईचं सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्लीचं ८५०, मद्रासचं ९००, कलकत्त्याचं ९८०. डाकोटाला मुंबईहून अडीच-पावणेतीन तास पुरत, कलकत्त्याहून जवळजवळ चार. म्हणजे कलकत्तेकराने आधी निघायचं आणि घरी सगळ्यात शेवटी पोचायचं. एकाचा खोळंबा झाला, की चौघांची पंचाईत.

मुंबई ते मद्रास सरळ गेलं तर हजार किलोमीटरच्या थोडं वर. तिच्या हाती दिलेलं पत्र मात्र नागपूरचा वळसा घेऊन जवळजवळ सोळाशे किलोमीटर फिरे, तरी सकाळी मद्रासला हजर. पत्राला वाट लांबल्याचं दुःख नसतं, दिवस बुडाल्याचं असतं. हे तिने बरोबर ओळखलं होतं. एप्रिल १९४९ पासून देशातल्या साध्या पत्रालाही जादा तिकिटाशिवाय विमानात जागा मिळू लागली आणि तिच्या थैल्या आणखी फुगल्या.

थैल्यांच्या सोबतीने माणसंही जात. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडताच तिचं एक विमान कोसळलं, तेरा जण गेले. तिच्या नोकरीतली ती काळी रात्र.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला फेडरल एक्स्प्रेस कंपनीची विमानं रात्री एका जागी जमून पार्सलांची अशीच अदलाबदल करू लागली होती. ती कंपनी जगभर गाजली. आमच्याकडे नागपुरात मिहान प्रकल्पातल्या कार्गो हबचा विषय निघाला, की एखादा जुना नागपूरकर हमखास म्हणतो, ‘हब व्हायचं म्हणता? ते तं होऊन गेलं न भाऊ!’